रिव्हर्स कॅमेऱ्याचा पडदा आपल्या पार्किंगला जुळवून कसा घ्यावा

नव्या गाडीचा रिव्हर्स कॅमेरा शोरूमच्या लख्ख उजेडात सुरेख दिसतो. पण मुंबईत आपण गाडी मागे घेतो ती खांबांमधल्या स्टिल्टमध्ये, जिथे तीन ट्यूबलाइटपैकी एखादीच चालू असते, बेसमेंटच्या उतारावर, गिरगाव-दादरच्या गल्लीत, जिथे एका अंगाला स्कूटरची रांग आणि मागे हातगाडी असते, आणि जून ते सप्टेंबर तर भर पावसात. कारखान्यातून आलेलं सेटिंग यांपैकी कुठल्याच जागेसाठी केलेलं नसतं. बहुतेक जण ते कधी बदलत नाहीत. मग रात्री काही दिसत नाही म्हणत पडद्याकडे बघणंच सोडून देतात. चांगली, उपयोगी वस्तू अशी गाडीत पडून राहते याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अर्ध्या तासाच्या कामाने तिचा पुरेपूर उपयोग होऊ शकतो.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सेटिंग स्वतःच्या पार्किंगमध्ये करा, आणि तिथे सगळ्यात कमी दिसतं त्या वेळी करा. अंधारात नीट जुळवलेलं चित्र दिवसा सहसा चालून जातं. दुपारी जुळवलेलं चित्र रात्री कामाला येत नाही.

आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा

कॅमेरा कंपनीनेच बसवून दिलेला असेल तर हाताशी सेटिंग मोजकीच असतात: उजेड, कॉन्ट्रास्ट (चित्रातल्या उजळ आणि काळ्या भागांतला फरक), कधी रंग, गाइडलाइन (चित्रावरच्या अंतर दाखवणाऱ्या रेषा) चालू-बंद आणि एखाद-दुसरा व्ह्यू, म्हणजे चित्र बघायचा प्रकार. पण ती भरवशाची असतात. कॅमेऱ्याचा कोन आणि रेषा कारखान्यात जुळवलेल्या असतात, त्यांना हात लावायची गरज सहसा पडत नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा घराजवळच्या अॅक्सेसरीजच्या दुकानातून अँड्रॉइड स्टिरिओ (पडदा असलेला) आणि कॅमेरा बसवून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जवळजवळ सगळंच बदलता येतं. फिटर मात्र चित्र आलं की पुढच्या गाडीकडे वळतो. कोन, रेषा, रात्रीचा उजेड, आवाज हे सगळं अर्धवट राहिलेलं असतं. तुमचा स्टिरिओ असा असेल तर हा लेख जरा जास्त सावकाश वाचा.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर, म्हणजे मागे अडथळा आला की बीप वाजवणारे, सक्तीचे झाले. त्या नियमात कॅमेऱ्याची सक्ती नव्हती. म्हणून त्यानंतर घेतलेल्या, पण बाहेरून कॅमेरा बसवलेल्या गाडीत बीपचा आवाज एका यंत्रणेकडून येतो आणि चित्र दुसऱ्या. दोघांचं आपसात काही बोलणं नसतं. पडद्यावरची तांबडी रेषा आणि सलग वाजणारा बीप एकाच अंतराला येतील असं धरून चालू नका. ते मोजून बघायचं असतं, पुढे ते येईलच.

तयारी

रात्री साडेनऊ-दहानंतरची वेळ घ्या. वर्दळ कमी झालेली असते आणि पार्किंगचा खरा उजेड कळतो. मदतीला घरातलं कुणीतरी असू द्या, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो मागून गाडी हलवायला येईल.

सोबत एक मऊ फडकं, पाण्याची बाटली, मोजपट्टी, खडू, एखादी काळी छत्री, एक पांढरा टॉवेल आणि जमलं तर बिल्डिंगमधल्या मुलांचे स्टँडवाले दोन स्टंप घ्या.

गाडी सपाट जागी सरळ उभी करा. हँडब्रेक ओढा, दोन्ही मागच्या चाकांमागे वीट किंवा दगड लावा. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि रिव्हर्स गिअर टाका. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर आरवर न्यावा लागतो. काही ऑटोमॅटिक आणि पुश-बटनाच्या गाड्या इंजिन बंद असताना गिअर बदलूच देत नाहीत. तसं असेल तर इंजिन चालू ठेवावं लागेल. मग मदतनीस मागे अजिबात उभा राहणार नाही, आणि वस्तू मांडायच्या त्या गाडी पार्कमध्ये असतानाच. बंद बेसमेंटमध्ये तर इंजिन चालू ठेवून हे काम करूच नका. धूर साचतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासानेही कळत नाही.

इंजिन बंद ठेवून पडदा, मागचे दिवे आणि कॅमेरा सतत चालवले तर बॅटरी उतरते. दहा मिनिटं काम, मग थोडा वेळ इंजिन सुरू, असं करा. बंद बेसमेंटमध्ये असाल तर त्यासाठी गाडी बाहेर मोकळ्या हवेत न्या.

लेन्स आणि कोन

मेनूला हात लावण्याआधी लेन्स पुसा. पाणी ओतून धूळ भिजवायची, मग फडक्याने हलकेच टिपायचं. कोरड्या फडक्याने घासू नका. मुंबईच्या धुळीत बांधकामाची वाळू असते, तिने लेन्सवर ओरखडे पडतात आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती प्रभावळ दिसू लागते. थिनर, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही लेन्सला लावू नका.

आता चित्राच्या तळाशी बघा. बंपरची कड पातळ पट्टीसारखी दिसायला हवी. ती दिसली की आपली गाडी कुठे संपते ते डोळ्याला कळतं. वरच्या बाजूला क्षितिज चित्राच्या वरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात असलं की पुरे. आकाश जास्त दिसत असेल तर कॅमेरा वर बघतोय, आणि त्याचे दोन तोटे आहेत. बंपरजवळची जमीन दिसत नाही. आणि स्टिल्टमधली ट्यूबलाइट चित्रात येते. कॅमेरा उजेडाचा समतोल आपोआप साधत असतो. चित्रात एक झगझगीत दिवा आला की तो बाकीचं सगळं काळं करून टाकतो. मग तुम्ही ब्राइटनेस कितीही वाढवा, खांबाजवळचा कोपरा काळाच राहतो. बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्याचा स्क्रू सैल करून तो थोडा खाली झुकवला आणि ट्यूबलाइट चित्राबाहेर गेली, की चित्र लगेच उजळतं. सगळ्या मेनूंपेक्षा या एका झुकवण्याने जास्त फरक पडलेला मी पाहिला आहे.

कंपनीचा कॅमेरा असा झुकवता येत नाही. तिथे उपाय दिव्याचा आहे. सोसायटीच्या कमिटीला सांगून ट्यूब मागच्या भिंतीवरून काढून बाजूच्या खांबावर घेतली तर तुमच्याच नाही, शेजारच्याही गाडीला फायदा होतो.

डिकी उघडी असताना कोन तपासू नका. बहुतेक गाड्यांत कॅमेरा डिकीच्या दारावरच असतो, दार नीट बंद नसेल तर सगळं चित्र खोटं.

उजेड आणि कॉन्ट्रास्ट

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे पडद्याचा उजेड, अख्खा पडदा किती जोराने प्रकाशतो तो. दुसरा म्हणजे चित्राचा ब्राइटनेस, चित्रातले काळे भाग किती वर उचलायचे तो. पहिला वाढवला की रात्री डोळ्यांवर झगमगाट येतो आणि आरशात बघितल्यावर क्षणभर काही सुचत नाही. दुसरा बेताने वाढवला की अंधारातल्या वस्तू दिसायला लागतात. रात्री आपल्याला हवा असतो तो दुसरा.

बऱ्याच गाड्यांत कॅमेऱ्याच्या चित्राचं सेटिंग बाकीच्या पडद्यापासून वेगळं साठवलेलं असतं, आणि ते कॅमेरा चालू असतानाच बदलता येतं. म्हणून आधी रिव्हर्स टाका, मग चित्राच्या कोपऱ्यात दातेरी चाकाची खूण किंवा डिस्प्ले असं बटन दिसतं का ते बघा. काही पडद्यांवर चित्राला एकदा बोट लावलं की ते बटन वर येतं. होम स्क्रीनवरून डिस्प्लेमध्ये जाऊन केलेला बदल कॅमेऱ्याला लागूच होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो, त्याचं कारण हेच.

आता क्रम असा. काळी छत्री उघडून बंपरपासून दीड-दोन मीटरवर, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याकडे ठेवा. पांढरा टॉवेल जिथे रिव्हर्सच्या दिव्याचा उजेड थेट पडतो तिथे पसरा. कॉन्ट्रास्ट मधोमध ठेवून ब्राइटनेस एकेक पायरी वाढवत जा. छत्रीच्या काड्या आणि घड्या वेगळ्या दिसू लागल्या की थांबा. त्याच्या पुढे गेलात तर काळा रंग राखाडी होतो, चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटतं आणि दाणे दिसू लागतात. मग टॉवेलकडे बघा. तो नुसता पांढरा डाग दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट उतरवा, सुरकुत्या दिसेपर्यंत. कॉन्ट्रास्ट हलला की ब्राइटनेस परत एक पायरी इकडे-तिकडे करावा लागतो. दोन-तीन फेऱ्यांत दोघं जागी बसतात.

रंगाला फारसा हात लावू नये असं माझं मत आहे. रात्री ब्रेक दाबला की ब्रेकच्या दिव्यांनी मागची भिंत तांबूस होते आणि चित्रही तांबूस दिसतं. ते सेटिंगने घालवायला गेलात तर दिवसा सगळं हिरवट-निळसर दिसेल. रंग मधल्या जागी ठेवा. फक्त एक पाहा, तांबड्या, पिवळ्या आणि हिरव्या गाइडलाइन वेगळ्या ओळखू येतात ना.

रिव्हर्सचा दिवाही बघून घ्या. रात्री कॅमेऱ्याला दिसतं ते बऱ्याच अंशी त्याच्याच उजेडात. अनेक गाड्यांना तो एकच असतो. तो गेलेला असेल, किंवा त्याची काच मळकट झाली असेल, तर मेनूत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. बल्ब बदलताना फार झगझगीत एलईडी लावू नका. जवळची भिंत इतकी उजळते की कॅमेरा बाकीचं अंधारात ढकलतो.

भर दुपारी पावसात पडदा का मंदावतो

हे खास आपल्या पावसाळ्याचं दुखणं आहे. जुलैतल्या दुपारी आभाळ भरून येतं, पाऊस झोडपायला लागतो, तुम्ही हेडलाइट लावता, ते लावायलाच हवेत, आणि त्याच क्षणी पडदा मंद होतो. गाडीला वाटतं रात्र झाली. हेडलाइट लागले की पडदा रात्रीच्या मोडमध्ये जातो, अशीच जोडणी बहुतेक गाड्यांत असते. बाहेर मात्र दिवसाचाच उजेड असतो, मंद पडद्यावर काही उमगत नाही, आणि नेमकं तेव्हाच लेन्सवर पाणी असतं.

उपाय गाडीप्रमाणे तीन आहेत. डिस्प्लेच्या मेनूत ऑटो, डे, नाइट असे पर्याय असतील तर अशा वेळी डे निवडा, आणि ती निवड कुठे आहे ते घरी, कोरड्यात पाठ करून ठेवा. पावसात मेनू शोधत बसणं धोक्याचं. दुसरं, स्टिअरिंगजवळ मीटरचा उजेड कमी-जास्त करायची चकती किंवा बटन असतं. काही गाड्यांत ते शेवटपर्यंत वाढवलं की पडद्याचं मंदावणं रद्द होतं. तिसरं, रात्रीच्या मोडचा उजेडच एक-दोन पायऱ्यांनी वाढवून ठेवा. रात्री तो डोळ्याला खुपणार नाही आणि पावसाळी दुपारीही दिसेल, असा मध्य सापडतो.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओमध्ये याच्या उलट तक्रार असते. हेडलाइट लागल्याची खबर देणारी वायर फिटरने जोडलेलीच नसते, म्हणून पडदा मध्यरात्रीही दुपारसारखा पेटलेला. ती वायर जोडून घ्या. नाहीच जमलं तर स्टिरिओत वेळेनुसार दिवस-रात्र बदलायची सोय असते, ती सूर्यास्ताच्या आसपासची ठेवा.

दिवसा पडदा एकाएकी काळा किंवा डागाळलेला वाटला तर डोळ्यांवरचा गॉगल काढून बघा. पोलराइज्ड काचेतून बरेचसे पडदे अंधारलेले दिसतात. सेटिंग बिचारं बरोबरच असतं.

गाइडलाइन: खडू आणि मोजपट्टी घ्या

रेषा दोन प्रकारच्या. स्थिर रेषा गाडीची रुंदी आणि मागचं अंतर दाखवतात. हलत्या रेषा स्टिअरिंग फिरवलं तसं वळतात आणि गाडी कुठे जाईल ते दाखवतात. दोन्ही एकत्र चालू ठेवता येतात, पण नवख्या माणसाचा त्याने गोंधळ होतो. समांतर पार्किंग वारंवार करत असाल तर हलत्या रेषा ठेवा. दोन खांबांमध्ये सरळ मागे जायचं असेल तर स्थिर रेषा पुरेशा आहेत. होंडाच्या अनेक गाड्यांत मेनूत कॅमेऱ्याखाली दोन्ही स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात.

आता मोजणी. गाडी सरळ, चाकं सरळ. बंपरच्या सगळ्यात मागच्या टोकापासून जमिनीवर अर्धा, एक, दोन आणि तीन मीटरवर खडूने आडव्या रेघा ओढा. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या सर्वात रुंद जागेपासून मागे सरळ दोन उभ्या रेघा ओढा. मग पडद्यावर बघा. बहुतेक गाड्यांत तांबडी रेषा साधारण अर्ध्या मीटरच्या खडूवर येते. तुमच्या गाडीत ती कुठे येते ते लक्षात ठेवा, हे एक अंतर माहीत असलं की अर्धं काम झालं. शेवटचा सलग बीप किती अंतरावर सुरू होतो तेही एखादी बादली मागे ठेवून बघा आणि मोजा.

अँड्रॉइड स्टिरिओत रेषांचे कोपरे बोटाने ओढून जुळवता येत असतील तर त्या खडूच्या रेघांवर बसवा. एवढं एकदा केलं की पडदा शोभेचा राहत नाही. काही कॅमेरे स्वतःच्या रेषा काढतात आणि स्टिरिओ वर आपल्या काढतो, मग दोन-दोन रेषा दिसतात. तेव्हा कॅमेऱ्याच्या बंद करा आणि स्टिरिओच्या ठेवा, कारण त्याच जुळवता येतात. पुष्कळशा साध्या कॅमेऱ्यांच्या वायरवर दोन छोटे वेढे असतात, बहुधा हिरवा आणि पांढरा. एक कापला की रेषा जातात, दुसरा कापला की चित्र उलटतं. कोणता कशाचा ते कॅमेऱ्यासोबतच्या कागदावर बघूनच कापा.

हे सगळं सपाट जमिनीवर खरं. मुंबईत सपाट जमीन नशिबाने मिळते, म्हणून पुढचं जरा नीट लक्षात घ्या. रेषांचं गणित गाडीमागची जमीन सपाट आहे असं मानून केलेलं असतं. बेसमेंटमधून बाहेर पडताना मागे चढ असेल तर चढावरची वस्तू चित्रात वर सरकते, आणि असते त्यापेक्षा लांब वाटते. हे धोक्याचं आहे. मागे उतार असेल तर उलट, वस्तू आहे त्याहून जवळ वाटते. गावाला जायला डिकी गच्च भरली आणि मागचा भाग दबला की त्याचाही परिणाम चढासारखाच होतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मागे उभा असलेला टेम्पो. रेषा जमिनीवर आखलेल्या असतात. टेम्पोची चाकं पिवळ्या रेषेच्या पलीकडे दिसतात, जागा भरपूर वाटते, पण त्याचा हौदा चाकांच्या पुढे हातभर आलेला असतो आणि तो डिकीच्या काचेच्या उंचीवर असतो. तीच गोष्ट भिंतीतून बाहेर आलेल्या पाण्याच्या पाइपची, अर्धवट वर केलेल्या शटरची, बांबूंनी लादलेल्या हातगाडीची. जमिनीपासून वर असलेल्या वस्तूला रेषा लागू होत नाहीत. तिथे मान वळवून मागे बघायचं.

मेकॅनिकल पार्किंगच्या लोखंडी पाट्यावर गाडी चढवताना गाइडलाइनच्या मागे लागू नका. तिथे चाकं पाट्याच्या दोन खोबणींत नीट जाणं महत्त्वाचं असतं, आणि ते बाजूच्या आरशात खाली बघून कळतं. खांबांमुळे सेन्सरही सतत वाजत राहतात. अशा सोसायटीत राहत असाल तर बीपचा आवाज कमी करून ठेवायला हरकत नाही, पूर्ण बंद मात्र करू नका.

उजवं-डावं बरोबर आहे ना

रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं असायला हवं: गाडीच्या डाव्या अंगाची वस्तू पडद्यावरही डावीकडे. तपासायला सोपी खूण आहे. मागे उभ्या गाडीची नंबर प्लेट पडद्यावर उलटी दिसली पाहिजे. ती सरळ वाचता येत असेल तर तुमचं चित्र चुकीचं आहे, आणि तुम्ही डावीकडचा खांब उजवीकडचा समजाल. स्टिरिओत मिरर किंवा फ्लिपचा पर्याय असतो, नाहीतर वर सांगितलेला वायरचा वेढा. हे ठीक झाल्याशिवाय त्या कॅमेऱ्यावर गाडी मागे घेऊ नका.

चित्र येतच नसेल, किंवा थरथरत असेल

बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्यात चित्र काळं-पांढरं, वर-खाली धावणारं किंवा सिग्नल नाही असं दाखवणारं असेल तर आधी फॉरमॅट बघा. पाल, एनटीएससी आणि एएचडी हे चित्र पाठवायचे वेगवेगळे प्रकार आहेत. कॅमेरा एक पाठवतो आणि स्टिरिओ दुसऱ्याची वाट बघत बसतो. स्टिरिओच्या कॅमेरा मेनूत कॅमेऱ्याच्या खोक्यावर लिहिलेला प्रकार निवडा. एएचडीमध्ये चित्राच्या ओळी ७२० की १०८०, आणि सेकंदाला २५ की ३० फ्रेम, हेही जुळावं लागतं. काही स्टिरिओंत हा मेनू फॅक्टरी सेटिंगच्या पासवर्डमागे असतो. तो बिल घेतानाच दुकानदाराकडून लिहून घ्या.

माणसं बुटकी आणि गाड्या रुंद दिसत असतील तर चित्र ताणलं गेलंय. आडव्या-उभ्याचं प्रमाण बदलून बघा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तरी चालेल, खरं प्रमाण महत्त्वाचं.

आडव्या लाटा आणि थरथर बहुधा अर्थिंगच्या दोषाने येते. काही नव्या गाड्यांत रिव्हर्सच्या दिव्याला वीज सलग न जाता तुटक झटक्यांनी जाते, कॅमेऱ्याची वीज तिथून घेतली की चित्र लपलपतं. तिथे मध्ये रिले किंवा फिल्टर लागतो. हे काम वायरिंगवाल्याचं आहे, आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापण्याऐवजी कपलरने जोडायला सांगा.

आवाज, उशीर आणि व्ह्यू

रिव्हर्स टाकताच गाण्याचा आवाज आपोआप कमी होईल असं सेटिंग करा. वॉचमनचं "येऊ द्या, येऊ द्या" आणि त्याहून महत्त्वाची त्याची डिकीवरची थाप ऐकू यायला हवी. एखादं मूल ओरडलं तर तेही.

दोन-तीन वेळा पुढे-मागे करून गाडी लावावी लागत असेल तर पुढचा गिअर टाकल्यावरही थोडा वेळ मागचं चित्र राहू द्या. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत रिअर कॅमेरा कीप ऑन असा पर्याय असतो. अँड्रॉइड स्टिरिओत काही सेकंदांचा उशीर निवडता येतो. रस्त्यावर रांगेत पुढे-मागे करताना तो त्रासाचा होतो, म्हणून थोडाच ठेवा.

एकाहून जास्त व्ह्यू असतील तर गल्लीतून रस्त्यावर मागे निघताना वाइड, भिंतीला बंपर टेकवायचा असेल तेव्हा वरून खाली बघणारा, आणि एरवी नॉर्मल. वाइडमध्ये सगळं दूर वाटतं, त्यावर अंतराचा अंदाज बांधू नका. ३६० अंशांच्या कॅमेऱ्याचं जुळवणं सर्व्हिस सेंटरचं काम आहे. बाजूचे आरसे मिटलेले असताना ते चित्र विश्वासाचं नसतं.

गाडी चालू करताक्षणी रिव्हर्स टाकला तर काही स्टिरिओंवर चित्र यायला वेळ लागतो. पडदा काळा असेपर्यंत क्लच सोडू नका. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र यावं असा तिथला नियम आहे. आपल्या स्टिरिओला याहून बराच वेळ लागत असेल तर फास्ट बूट किंवा स्लीपचा पर्याय चालू करा, म्हणजे स्टिरिओ पूर्ण बंद न होता झोपलेला राहतो. बॅटरीवर थोडा भार येतो, आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर तो बंद ठेवा.

शेवटची परीक्षा

त्याच अमेरिकन नियमात गाडीमागची सुमारे ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब जागा चित्रात यावी असं म्हटलं आहे, आणि चाचणीला ८० सेंटिमीटर उंचीचे दंडगोल वापरतात, म्हणजे लहान मुलाच्या उंचीचे. क्रिकेटचा स्टंप ७१ सेंटिमीटरचा, आपल्या कामाला तो पुरतो. आमच्याकडे मुलं पार्किंगमध्येच खेळतात, म्हणून ही परीक्षा मी कधी टाळत नाही. एक स्टंप बंपरच्या डाव्या कोपऱ्यामागे अर्ध्या मीटरवर, दुसरा उजव्या. मग दोन्ही दूर दूर नेत सहा मीटरपर्यंत. स्टंप पडद्यावरून कुठे नाहीसा होतो त्या जागी खडूने फुली करा. सगळ्या फुल्या झाल्यावर गाडीमागे उभं राहून त्यांच्याकडे बघा. ही तुमच्या कॅमेऱ्याची आंधळी जागा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवा, आणि मुलांनाही.

पाऊस आणि खारी हवा

लेन्सवर पाणी अडकलं की चित्रात गोळे दिसतात. गाडीच्या काचेला लावतात तसं पाणी न धरणारं लेपन लेन्सवर लावलं तर थेंब घसरून जातात. पावसाळ्यात ते अधूनमधून परत लावावं लागतं. चालकाच्या दारात मऊ फडकं ठेवा, आणि पार्किंगमध्ये वळण्याआधी उतरून लेन्स टिपा. गाडी प्रेशरच्या पाण्याने धुवायला दिली तर नळी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरू नका असं सांगा.

लेन्सच्या आतून वाफ धरत असेल तर तिचं सील गेलं. उन्हात ठेवून ती जाते आणि पुढच्या सरीत परत येते. तो कॅमेरा बदला. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाडीत कनेक्टरवर हिरवट थर चढतो आणि चित्र येत-जात राहतं. पावसाळ्यानंतर एकदा तो साफ करून घ्या.

बंपरचं काम झालं, डिकीला डेंट निघाला, टायरचा आकार बदलला, तर खडूची मोजणी पुन्हा करा. बॅटरी बदलली किंवा बराच वेळ काढून ठेवली तर काही गाड्यांत सेटिंग मूळ पदावर जातात. म्हणून सगळं जुळलं की मेनूच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा, आणि तो घरातल्या सगळ्या चालकांना पाठवून ठेवा.